विश्लेषण: कपाटातले जुने रिव्हॉल्वर ठेवावे की विकावे? परवानाधारक हयात असतानाच निर्णय का घ्यावा?

रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावात एखाद्या जुन्या घराच्या लोखंडी कपाटात आजोबांच्या काळातले विलायती रिव्हॉल्वर असेल, तर ते वर्षानुवर्षे चालवले जात नाही. खंडेनवमीला पूजेसाठी ते बाहेर निघते, निवडणुकीत पोलिस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला तर निघते आणि परवान्याच्या नूतनीकरणावेळी निघते. बाकी काळ त्याला तेलपाणी करायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. घरात मग कधीतरी प्रश्न येतोच. ही वस्तू ठेवायची की विकून मोकळे व्हायचे? आजोबांची आठवण आहे, जुन्या विलायती मालाला किंमत चांगली येते, असे दोन्ही बाजूंनी बोलले जाते. मात्र खरा निर्णय आठवणीवर किंवा भावावर होत नाही. तो नळीवर कोरलेल्या एका आकड्यावर, परवान्यातील नावावर आणि वारसाच्या तयारीवर ठरतो. शिवाय त्याला एक मुदतही आहे, ती म्हणजे परवानाधारकाचे आयुष्य. हे गणित नेमके कसे आहे, याविषयी.

रिव्हॉल्वर ही वडिलोपार्जित मालमत्ता नाही का?

मालमत्ता आहे, पण शेत किंवा दागिन्यांसारखी नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय कोणतेही अग्निशस्त्र घेता किंवा बाळगता येत नाही. परवाना शस्त्राला किंवा घराला मिळत नाही, तो एका व्यक्तीला मिळतो. त्यामुळे परवानाधारकाचा मृत्यू झाला की दोन गोष्टी वेगळ्या होतात. रिव्हॉल्वरवरील मालकी हक्क वारसांकडे येतो, पण ते जवळ ठेवण्याचा अधिकार त्यांच्याकडे येत नाही.

इथेच अनेक कुटुंबांची गफलत होते. शेतीचा फेरफार झाला, सातबारावर नावे चढली, मृत्युपत्रात ‘रिव्हॉल्वर थोरल्याला’ असे लिहिलेले आहे, म्हणजे काम झाले असे त्यांना वाटते. तसे ते होत नाही. थोरल्याच्या नावावर परवाना नसेल तर कलम २१ नुसार ते शस्त्र विनाकारण वेळ न घालवता जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा नियमांच्या अधीन राहून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. जमा केल्यावर वारसांचा हक्क लगेच संपत नाही. ठरलेल्या मुदतीत त्यांनी परवाना मिळवला तर शस्त्र परत मिळते, किंवा कायद्याने पात्र असलेल्या व्यक्तीला ते विकता येते. मुदतीत काहीच केले नाही तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होऊ शकते.

जमा न करता ते कपाटातच राहू दिले तर? विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. म्हणजे काल ज्या वस्तूची पूजा होत होती, तीच वस्तू घरातील कर्त्याच्या निधनानंतर गुन्ह्याचा मुद्देमाल ठरू शकते. तेराव्याच्या धावपळीत कपाटातल्या रिव्हॉल्वरची आठवण सहसा कोणाला होत नाही. म्हणूनच हा निर्णय आधी व्हायला हवा.

नळीवरच्या आकड्याला एवढे महत्त्व का?

जुन्या विलायती रिव्हॉल्वरच्या नळीवर किंवा सांगाड्यावर कंपनीचे नाव, बोअर आणि क्रमांक कोरलेला असतो. नळीच्या आतील व्यासाला आपल्याकडे बोअर म्हणतात. भारतात शस्त्रांचे साधारण दोन गट पडतात, निषिद्ध बोअर आणि अनिषिद्ध बोअर. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन रिव्हॉल्वरचे कायदेशीर भवितव्य या एका गोष्टीने वेगळे होते.

.३२ बोअरचे रिव्हॉल्वर अनिषिद्ध गटात येते. त्याचा परवाना ग्रामीण भागात जिल्हाधिकारी म्हणजेच जिल्हा दंडाधिकारी देतात, पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिस आयुक्त देतात. याउलट .३८० किंवा .४५५ ची कडेवाली काडतुसे अथवा लष्करी ९ मिलिमीटरची काडतुसे ज्यात बसून उडू शकतात, अशी रिव्हॉल्वर आणि पिस्तुले निषिद्ध गटात मोडतात. त्यांच्या परवान्याचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत जातो.

जुन्या शस्त्रांबाबत ही अडचण नेमकी आडवी येते. संग्राहकांना ज्यांचे सर्वाधिक आकर्षण असते, ती ब्रिटिश लष्करी रिव्हॉल्वर याच आकड्यांची आहेत. पहिल्या महायुद्धात १९१५ पासून वापरात आलेले वेब्ली मार्क ६ हे .४५५ बोअरचे होते. ब्रिटिश लष्कराने १९३२ मध्ये स्वीकारलेले एनफिल्ड क्रमांक २ हे .३८० काडतुसाचे होते. वेब्लीने नागरी बाजारासाठी .३२ बोअरची लहान रिव्हॉल्वरही बनवली. त्यामुळे ‘आमच्याकडे जुने वेब्ली आहे’ एवढ्या माहितीवरून काहीच ठरत नाही. ते .३२ असेल तर मार्ग सोपा आहे. .४५५ असेल तर वारसाला परवाना मिळणे अवघड, खरेदीदार मिळणे त्याहून अवघड आणि विनापरवाना सापडल्यास शिक्षा किमान ७ ते कमाल १४ वर्षे.

निषिद्ध शस्त्र घरात ठेवणे काय असते, हे महाराष्ट्राने संजय दत्त यांच्या खटल्यात पाहिले आहे. विशेष न्यायालयाने २००७ मध्ये त्यांना शस्त्र कायद्याखाली ६ वर्षांची शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ती ५ वर्षांवर आणली, पण दोष कायम राहिला. ते शस्त्र एके-५६ रायफल होते आणि त्या खटल्याची पार्श्वभूमीही वेगळी होती, त्यामुळे वारशाच्या रिव्हॉल्वरशी त्याची सरळ तुलना होत नाही. मात्र ‘घरात नुसते ठेवले होते’ हा बचाव शस्त्र कायद्यात फारसा चालत नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

वाशीम जिल्ह्यातील जुन्या परवान्यांत काय तपासावे?

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधी दिलेल्या परवान्यांवर अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का असणार. फार जुना कागद असेल तर त्यावर राज्याचे नावही वेगळे दिसेल, कारण वऱ्हाडचा हा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाड आणि पुढे मध्य प्रदेशात होता. त्यानंतर तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. वंशपरंपरेने आलेल्या शस्त्राचा माग काढताना हे टप्पे लक्षात ठेवावे लागतात. आजोबांना शस्त्र कोणत्या परवान्यावर मिळाले, वडिलांच्या नावावर ते कधी झाले आणि वाशीमच्या दप्तरी त्याची नोंद आली का, ही साखळी सलग असायला हवी.

दुसरी गोष्ट युनिक आयडी क्रमांकाची. देशातील सर्व शस्त्र परवान्यांची नोंद राष्ट्रीय शस्त्र परवाना डेटाबेसमध्ये घेण्यात आली असून प्रत्येक परवानाधारकाला वेगळा क्रमांक दिला जातो. हा क्रमांक नसलेला जुना कागदी परवाना आज वैध मानला जात नाही. तिसरी गोष्ट, परवान्यातील शस्त्र क्रमांक आणि सांगाड्यावरील क्रमांक जुळतो का? हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदीत एखादा आकडा चुकला असेल, तर तो परवानाधारक हयात असताना दुरुस्त करून घेणे सोपे. नंतर तीच चूक संशयाचे कारण बनते.

चौथी गोष्ट शस्त्रांच्या संख्येची. पूर्वी एका परवानाधारकाला तीन अग्निशस्त्रे ठेवता येत होती. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ही मर्यादा दोनवर आली. वारशाने किंवा वंशपरंपरेने आलेल्या शस्त्रांनाही ती लागू आहे. केंद्राने आधी एकच शस्त्र ठेवण्याचा प्रस्ताव आणला होता, तो विरोधानंतर दोनवर थांबला. ज्या घरात बारा बोअरची बंदूक आणि रायफल आधीच वारसाच्या नावावर आहे, त्याला रिव्हॉल्वर घेण्यासाठी आधीच्यांपैकी एक सोडावे लागेल. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षांवर नेली, ही त्यातली दिलासा देणारी बाजू.

वारसाच्या नावावर करायचे तर मार्ग कोणता?

शस्त्र नियम २०१६ मधील नियम २५ यासाठीच आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. पण त्यासाठी मृत्यूपर्यंत थांबण्याची गरज नाही. परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली किंवा ते शस्त्र २५ वर्षे बाळगले, यांपैकी जे आधी होईल, त्यानंतर तो हयातीतच आपल्या पसंतीच्या वारसाचे नाव सुचवू शकतो. जुन्या रिव्हॉल्वरच्या बाबतीत ही अट बहुतेक वेळा केव्हाच पूर्ण झालेली असते. मात्र नियम माहीत नसल्याने किंवा ‘मी आहे तोवर माझ्या नावावर राहू दे’ या विचाराने काम मागे पडते.

हयातीत अर्ज केल्याचा मोठा फायदा असा की, भावंडांची संमती बापासमोर मिळते. एकापेक्षा अधिक वारस असतील तर इतरांची हरकत नसल्याचे लेखी द्यावे लागते. वाटणीवरून आधीच तेढ असलेल्या घरात मृत्यूनंतर ही सही मिळवणे किती कठीण असते, हे सांगायला नको.

वारस मात्र पात्र हवा. २१ वर्षांखालील व्यक्तीला अग्निशस्त्र बाळगता येत नाही. गंभीर गुन्ह्यातील शिक्षा, मानसिक अस्वास्थ्य अशा कारणांनी परवाना नाकारला जातो. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. मुलगाच हवा असे काही नाही, मुलगी किंवा पत्नीही अर्ज करू शकते. मुलगा पुण्यात नोकरीला असेल तर त्याचा अर्ज तो राहतो तिथल्या अधिकाऱ्यांकडे जाईल आणि शस्त्रही त्याच्यासोबत राहील. परवाना पुण्यात आणि रिव्हॉल्वर केनवडच्या कपाटात म्हाताऱ्या आईच्या भरवशावर, ही सोय कायद्यात बसत नाही. मुलगा दुबईत किंवा अमेरिकेत स्थायिक असेल तर त्याच्या नावावर करण्याचा विचार सोडलेलाच बरा.

परवाना वारसाला मिळेलच, असे गृहीत धरता येते का?

नाही. अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगणे हा भारतात घटनादत्त हक्क नाही, याची आठवण सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात करून दिली होती. परवाना देणे, न देणे आणि दिलेला काढून घेणे हे प्रशासनाच्या विचाराधीन असते, त्यावर अपील करता येते.

महाराष्ट्रातील वातावरणही अलीकडे बदलले आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाल्यानंतर बीड जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांचा विषय चर्चेत आला. एका जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने कसे, असा प्रश्न उपस्थित झाला, फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द करण्यात आले. गरज काय, गुन्हे किती, शस्त्र कोणाच्या हाती आहे, हे प्रश्न आता अधिक काटेकोरपणे विचारले जातात. ‘वाडवडिलांची आठवण’ हे उत्तर नियम २५ मुळे मांडता येते, पण त्याने पोलिसांची चौकशी टळत नाही.

शेतीसाठी म्हणून परवाना मागण्याचा मार्गही रिव्हॉल्वरला लागू पडत नाही. रोही आणि रानडुकरांचा त्रास वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्यांना नवा नाही. पीक संरक्षणाच्या परवान्याची तरतूदही कायद्यात आहे, पण ती ठासणीच्या बंदुकीसारख्या शस्त्रांसाठी. हाताएवढ्या नळीचे रिव्हॉल्वर शेताच्या राखणीला उपयोगाचे नाही, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असते आणि अधिकाऱ्यालाही.

न वापरलेले शस्त्र सुरक्षित असते का?

उलट, क्वचित हाताळले जाणारे शस्त्र अधिक जपून हाताळावे लागते. अभिनेते गोविंदा यांच्याबाबत १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे जुहूच्या घरी घडलेला प्रसंग ताजा आहे. कोलकात्याला निघण्याच्या तयारीत असताना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून गोळी सुटली आणि पायात घुसली. शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. परवाना होता, घर स्वतःचे होते, भांडण-तंटा काही नव्हता. तरीही गोळी सुटली.

यामागचे यंत्र समजून घेण्यासारखे आहे. रिव्हॉल्वरमध्ये चाप ओढला की घोडा मागे जातो आणि पुढे येऊन काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीवर आदळतो. ठिणगी पडते आणि दारू पेटते. आधुनिक रिव्हॉल्वरमध्ये चाप ओढल्याशिवाय घोडा टोपीपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये एक आडकाठी किंवा जोडपट्टी असते. अनेक जुन्या बनावटींत अशी आडकाठी नसते, किंवा असली तरी कमजोर असते. त्यात स्प्रिंग थकलेली, खाचा झिजलेल्या आणि वंगण वाळून चिकट झालेले. अशा रिव्हॉल्वरच्या घोड्यासमोर काडतूस भरलेले असेल आणि ते घोड्याच्या बाजूने फरशीवर पडले, तर चापाला हात न लावता गोळी सुटू शकते.

जुन्या काडतुसांचाही भरवसा नसतो. ओलाव्याने दारू आणि टोपी बिघडते. चाप ओढल्यावर लगेच काही होत नाही आणि क्षणभराने गोळी उडते, असेही घडते. त्यामुळे रिव्हॉल्वर ठेवायचे ठरवले तरी ते रिकामे, काडतुसे वेगळ्या कुलपात आणि दोन्ही चाव्या फक्त परवानाधारकाकडे, हा किमान नियम हवा.

दुसरा धोका चावीचा आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह सुरू असताना हत्या झाली. मॉरिस नोरोन्हा याने त्यासाठी वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्याचे होते, असे तपासात समोर आले. शस्त्र परवान्याचे होते, पण ते चालवणारा हात परवान्याचा नव्हता. घरात तापट तरुण असेल, दारूचे व्यसन असेल किंवा कोणी खोल नैराश्यात असेल, तर विक्रीचा किंवा जमा करण्याचा निर्णय भावाची वाट न पाहता घ्यावा. या एका मुद्द्यापुढे बाकी सगळे हिशेब दुय्यम आहेत.

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याचा पर्याय अनेकांना सुचतो. तो नाही. बँकांच्या लॉकर करारात शस्त्रे आणि स्फोटके ठेवण्यास मनाई असते. शस्त्र सुरक्षित ठेवण्याचा कायदेशीर पर्याय म्हणजे परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे पावती घेऊन जमा करणे.

जुन्या रिव्हॉल्वरला खरेच मोठी किंमत मिळते का?

भारतात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळपास बंद आहे. त्यामुळे त्याआधी देशात आलेली इंग्लिश आणि अमेरिकन रिव्हॉल्वर मर्यादित राहिली आणि चांगल्या स्थितीतील .३२ बोअरच्या विलायती रिव्हॉल्वरला वर्षानुवर्षे जादा भाव मिळत गेला. म्हणजे हा भाव बऱ्याच अंशी टंचाईचा आहे.

ही टंचाई कायम राहीलच असे नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्वर आणले, तेव्हा त्याची किंमत सुमारे १.२२ लाख रुपये होती. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच शहरातील अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीचे ‘प्रबल’ आले. ज्या वेब्ली नावाचे आकर्षण होते, त्या वेब्ली अँड स्कॉटची .३२ बोअरची रिव्हॉल्वर आता भारतीय भागीदारासोबत उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यातच बनतात. दुसरीकडे खरेदीदार आटत आहेत. एका परवान्यावर दोनच शस्त्रे आणि नव्या परवान्यांवर कडक नजर, अशी स्थिती आहे. ‘थांबलो तर भाव वाढेल’ हा जमिनीचा नियम रिव्हॉल्वरला लावता येत नाही.

इंटरनेटवर दिसणाऱ्या डॉलरमधील किमतींचा तर आपल्याशी संबंधच नाही. अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुकांना केंद्रीय कायद्यात पुरातन म्हणून मोठी सूट आहे आणि ५० वर्षांहून जुन्या शस्त्रांसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना आहे. तिथे लिलावात हजारो बोली लावणारे असतात. इथे केनवडच्या रिव्हॉल्वरचा खरेदीदार तोच, ज्याच्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना आहे आणि ज्याच्या परवान्यावर जागा रिकामी आहे. शिवाय १०० वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ च्या कक्षेत येऊ शकते. असा पुरावशेष खासगी व्यक्तीला परदेशात विकता येत नाही.

‘पुरातन’ म्हटले की परवाना लागत नाही, हे खरे का?

अर्धे खरे, म्हणून धोक्याचे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे. पण त्याला एक अट जोडलेली आहे. ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. स्प्रिंग तुटलेली आहे, गोळी सुटत नाही, एवढ्याने ही अट पूर्ण होत नाही. स्प्रिंग बदलून ते चालणार असेल तर ते अग्निशस्त्रच.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नियमांत बदल करून ‘क्युरिओ’ म्हणजे संग्राह्य गटातील लहान शस्त्रे घेण्यास आणि बाळगण्यास भारतीय नागरिकांना परवान्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. मात्र ती वापरायला, सोबत न्यायला किंवा वाहतूक करायला परवाना लागतो आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय त्यांची काडतुसे मिळत नाहीत. आपले रिव्हॉल्वर या गटात बसते की नाही, हे घरी बसून ठरवू नये. परवाना सोडण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून त्याबाबत लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासनावर परवाना संपू दिला आणि उद्या ते शस्त्र चालू स्थितीत निघाले, तर उत्तर कुटुंबालाच द्यावे लागेल.

गावातल्या लेथवर नेऊन नळी बुजवून घेणे किंवा घोडा घासून घेणे हा तर उपायच नाही. शस्त्राची दुरुस्ती आणि रूपांतर करण्यालाही कलम ५ नुसार परवाना लागतो.

विकायचे ठरले तर पद्धत काय?

परवानाधारकाला स्वतःच्या वापराचे शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकता येते, त्यासाठी विक्रेत्याचा परवाना लागत नाही. पण कलम ५ नुसार विक्रीचा इरादा आणि खरेदीदाराचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला आधी लेखी कळवावा लागतो. कळवल्यापासून किमान ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हाती देता येत नाही. व्यवहार पूर्ण झाल्यावर दोघांच्या परवान्यांवर नोंद व्हायला हवी. आपल्या परवान्यावरील नोंद उतरल्याची खात्री करेपर्यंत व्यवहार संपला असे समजू नये. पैसे बँकेतून घ्यावेत आणि पोच घेतलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकून ग्राहक शोधणे टाळावे. चोराला पत्ता मिळतो आणि पोलिसांना कारण. लग्नात हवेत गोळी झाडून ‘चालू आहे’ हे दाखवण्याचा मोह तर नकोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गोळीबाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

मग ठेवायचे की विकायचे?

रिव्हॉल्वर .३२ बोअरचे आहे, कागदांची साखळी सलग आहे, वारस पात्र आहे आणि महत्त्वाचे म्हणजे त्याला स्वतःला ही जबाबदारी हवी आहे, तर ठेवायला हरकत नाही. अशा वेळी पुढच्या नूतनीकरणाची वाट न पाहता नियम २५ खाली अर्ज करून ते आताच त्याच्या नावावर करावे.

वारस बाहेरगावी आहे, त्याला त्यात रस नाही किंवा घरात शस्त्र असणे धोक्याचे वाटते, तर परवानाधारक हयात आणि परवाना वैध असतानाच विकावे. परवानाधारक स्वतः विक्रेता असतो तेव्हा ४५ दिवसांत सुटणारा विषय त्याच्या पश्चात पोलिस ठाण्यातील जमा पावती, वारस दाखला आणि भावंडांच्या संमतिपत्रात अडकतो. शिवाय घाईत विकणाऱ्याला भाव कमी मिळतो.

रिव्हॉल्वर निषिद्ध बोअरचे असेल तर आधी कागद पाहावेत. वैध परवाना नसेल तर किमतीचा विचार बाजूला ठेवून वकिलाच्या सल्ल्याने ते रीतसर जमा करावे. त्यामागे खरा इतिहास असेल, कागदपत्रे किंवा छायाचित्रे असतील, तर परवानगी घेऊन संग्रहालयाला देण्याचा प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत मांडता येतो. आठवण जपायची तर आजोबांचा जुना परवाना, त्यावरचा अकोल्याचा शिक्का आणि एक छायाचित्र चौकटीत लावता येते. त्याला परवाना लागत नाही.

मुलांनी वडिलांना हा प्रश्न विचारणे अवघड असते, कारण त्यात त्यांच्या पश्चात काय, हे गृहीत असते. त्यामुळे वडिलांनीच तो काढला तर बरे. या खंडेनवमीला रिव्हॉल्वर बाहेर निघेल तेव्हा पूजेसोबत परवान्याची मुदत, नळीवरचा आकडा आणि शस्त्राचा क्रमांक पाहून घ्यावा, आणि पुढे ते कोणाच्या नावावर हवे, हे त्याच दिवशी घरात बोलून घ्यावे.